बाहेरच्या बाकावरचा नवरा

"ताई, माझं वय ३४. मूळचा सांगलीकडचा, सध्या चिंचवडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, साडेतीन वर्षांची मुलगी आहे. मुलीसाठी बायको तीन वर्षं घरी होती, आठ महिन्यांपूर्वी एका पतपेढीत कामाला लागली. गेल्या आठवड्यात तिनं सांगितलं की पुन्हा दिवस गेलेत. ठरवून झालेलं नाही. डॉक्टर सातवा आठवडा म्हणाले. ती म्हणते, मला हे नको. पहिल्या वेळी तिला बराच त्रास झाला होता. मला मात्र हे मूल हवं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, पण आई कधीची म्हणते आहे, एकाला एक असावं, या वेळी मुलगा झाला की सुटलो. ऑफिसात डब्याच्या वेळी मी कुणाचं नाव न घेता विषय काढला, तर एक मॅडम म्हणाल्या, ज्याच्या पोटात वाढत नाही त्यानं यात बोलूच नये. माझा घास घशात अडकला. मग मी कोण, फक्त बिल भरणारा? मूल दोघांचं, तर एकटीनं कसं ठरवायचं? माझ्या सहीशिवाय हे होऊ शकतं का? आणि पुरुषाला या विषयात आवाज आहे की नाही, तेवढं सरळ सांगा."

दादा, सरळ सांगा म्हणालात म्हणून आधी सहीचंच सांगते. तुमची सही लागत नाही. गर्भपाताचा आपला कायदा १९७१ चा. २०२१ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली, पण संमतीचं कलम होतं तसंच आहे. जिच्या पोटात गर्भ आहे, तिची संमती. ती अठरा वर्षांच्या आतली असेल किंवा मानसिक आजारामुळे स्वतः ठरवू शकत नसेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. 'नवरा' हा शब्द त्या कलमात नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि वापरत असलेलं साधन फसल्यामुळे दिवस गेले हे कारण कायद्याला मान्य आहे. २०२१ पर्यंत त्या ओळीत 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' असे शब्द होते. आता तिथे 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे आहेत.

तरीही उद्या दवाखान्यात गेलात तर काउंटरवरची सिस्टर 'मिस्टरांची सही लागेल' म्हणेल, याची बरीच शक्यता आहे. मी बावीस वर्षं महापालिकेच्या एका दवाखान्यात समुपदेशक होते, आमच्याकडेही हे चालायचं. उद्या नवरा चार माणसं घेऊन दारात यायला नको, म्हणून डॉक्टर कागदावर एक सही जास्तीची घेऊन ठेवतात. एकदा एक बाई सकाळी आठला उपाशीपोटी येऊन बसली होती. भूल द्यायची होती, म्हणून घोटभर पाणीही नाही. नवरा कामावरून सुटून येईपर्यंत तिला थांबवून ठेवलं. तीन वाजता तो आला, उभ्याउभ्या सही केली, बसला किती गर्दी होती ते सांगितलं आणि बाहेर गेला. तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तशी सही तुम्हाला हवी असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात जे दुखतंय ते वेगळं आहे.

कोर्टाचंही सांगते, म्हणजे कुणी कान भरले तर तुमच्याजवळ उत्तर असेल. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात एका नवऱ्याचं प्रकरण आलं होतं. माझ्या परवानगीशिवाय बायकोनं गर्भपात केला म्हणून त्यानं बायको, तिच्या माहेरची माणसं आणि डॉक्टर अशा सगळ्यांवर भरपाईचा दावा लावला होता. २०११ साली त्याच्या विरोधात निकाल लागला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्याचं अपील फेटाळलं. दुसरी बाजू लपवत नाही. २००७ च्या एका घटस्फोटाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मानसिक क्रौर्याची उदाहरणं दिली आहेत. नवऱ्यानं बायकोला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना नसबंदी करून घेणं किंवा बायकोनं नवऱ्याला न सांगता गर्भपात करून घेणं, हे क्रौर्य ठरू शकतं असं त्यात म्हटलं आहे. पण तो प्रश्न संसार मोडतानाचा. दवाखान्यातली संमती त्या निकालानं नवऱ्याच्या हातात दिलेली नाही. आणि तुमच्या घरी तर तिनं तुम्हाला स्वतःहून सांगितलं. कायद्यानं तिच्यावर तशी सक्ती नव्हती, डॉक्टरलाही तिचं नाव बाहेर फोडायला बंदी आहे. मनात आणलं असतं तर दुपारच्या सुट्टीत जाऊन ती मोकळी झाली असती. ती तुमच्यासमोर येऊन बसली, हे तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय आणि निघून गेलंय. जरा तिथे थांबा.

काही जण म्हणतात, नवऱ्याला ठरवू नका देऊ, पण बायकोनं त्याला कळवायची सक्ती तरी असावी. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यानं असा कायदा केला होता. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं, कारण ज्या घरात नवरा सरळ आहे तिथे बायको सांगतेच. सक्तीची झळ लागते ती ज्या बाईचा नवरा मारतो तिला. पुढे २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्कच काढून घेतला, तो भाग वेगळा. पण मला ते १९९२ चं कारण पूर्ण पटतं. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या कितीतरी बायका बोलताना आधी दाराकडे बघायच्या. नवरा सोबत असला की मी त्याला "केसपेपर झेरॉक्स करून आणा" म्हणून पाठवायची. तो वळला की मग बाई तोंड उघडायची.

आता तुमच्या त्या मॅडम. त्यांच्यावर रागावू नका, कारण त्यांचा राग हवेतून आलेला नाही. पुरुष या विषयात गप्प बसलेत असं आजवर कधी झालेलंच नाही. १९६४ साली सरकारनं गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, ते थांबावं म्हणून त्या समितीनं कायदा सुचवला, आणि मी त्या अहवालाचं ऋण मानते. पण त्यातून आलेल्या कायद्यात आजही बाईनं 'मला नको' म्हणणं पुरत नाही. डॉक्टरला कारण पटावं लागतं. २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची मुभा आहे असा निकाल दिला, नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही गर्भपाताच्या कायद्यापुरती बलात्कारच धरायची असं सांगितलं. फार मोठा निकाल आहे तो. त्या पीठावर तीन न्यायमूर्ती होते, तिघेही पुरुष. म्हणजे बायकांच्या बाजूनं बोलायचं तरी बोलणारे पुरुषच, हे त्या मॅडमना कधीतरी सलणारच.

आणि घरातला आवाज तर कायद्याहून मोठा असतो. गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा देशात सगळ्यात आधी महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. केंद्राचा त्यानंतर, १९९४ चा. तरीसुद्धा २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. मुलगी आहे म्हणून जे गर्भ पाडले गेले, त्यांतल्या जेवढ्यांचे कागद झाले असतील त्या कागदांवर सही बाईचीच असणार. नवऱ्याची सही लागत नाही म्हणून नवऱ्याचा आवाज नव्हता असं कोण म्हणेल? सासूचा होता, दिराचा होता, वंशाच्या दिव्याचा होता. बाई तेवढी सही करायला होती.

म्हणूनच तुमच्या पत्रातली आईची ओळ मला टोचली. तुम्हाला मूल हवंय असं लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात मुलगा आला. आईच्या तोंडून आला, पण आणलात तुम्ही. मनाशी प्रामाणिकपणे विचारा. उद्या कुणी खात्रीनं सांगितलं की ही दुसरी मुलगीच आहे, तर तुमची ओढ एवढीच राहील? उत्तर 'हो' असेल तर ती ओढ बायकोसमोर ठेवायच्या लायकीची आहे. उत्तर देताना अडखळलात, तर हा विषय तिच्यापुढे काढूच नका. आणि आईचं 'सुटलो' तुमच्या लेकीच्या कानावर पडू देऊ नका. साडेतीन वर्षांच्या पोरींना सगळं कळतं.

एवढं बोलूनही त्या मॅडमचं वाक्य मला पटत नाही, ते का ते सांगते.

१८६३ साली पुण्यात जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर नाहीतर मूल मारणं, एवढंच असायचं. या दोघांनी भिंतीवर पत्रकं लावून सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल ठेवायचं तर ठेवा, न्यायचं तर न्या. त्या घरात आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कोर्टाच्या खेपा घातल्या. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. स्वतंत्र मजूर पक्षाच्या रोहम यांनी तो मांडला, भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केलेलं. त्यात बाबासाहेबांनी म्हटलं होतं की बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलाला कुणी तयार झाला नसता. ठराव पडला. पण ८० वर्षांहून जास्त काळ लोटल्यावरही ते वाक्य वाचलं की मला वाटतं, पुरुषानं या विषयावर बोलायचं तर सुरुवात इथून करावी. कळा कुणाच्या, हे आधी म्हणावं.

आणि एक अगदी आपल्या जवळचं. सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची. नवरा प्रवीण इंजिनिअर, दोघं आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतराव्या आठवड्यात ती दवाखान्यात दाखल झाली. मूल हवंहवंसं होतं, पण गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं. मग तिनं विनवलं की मला मोकळं करा. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर काही करता येणार नाही, असं उत्तर मिळालं. एका दाईनं तर हा कॅथलिक देश आहे असंही सांगितलं. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. प्रवीण तिला घेऊन बेळगावला आला, तिथेच अंत्यसंस्कार झाले. आणि तिथूनच तो आयर्लंडच्या वर्तमानपत्राशी बोलला.

त्याला गप्प बसता आलं असतं. दुःखात होता, परदेशातल्या दवाखान्याशी आणि कायद्याशी कोण भांडणार, असं म्हणून घरची माणसंही त्याला आवरू शकली असती. पण तो बोलला, आणि जे बोलला ते सविताचं होतं. तिनं काय मागितलं, पुन्हा पुन्हा कसं मागितलं, काय उत्तर मिळालं. २०१३ च्या एप्रिलमध्ये गॉलवेला चौकशी झाली, तिथेही त्यानं तेच सांगितलं. सविता स्वतः येऊन साक्ष देऊ शकत नव्हती. त्या खोलीत तिच्या बाजूनं हजर असलेला माणूस तोच. पुढे २५ मे २०१८ ला आयर्लंडमध्ये सार्वमत झालं, ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातबंदी काढायला कौल दिला. त्याआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून आयरिश लोकांना हात जोडून विनंती केली होती. एक नवरा आणि एक बाप. या दोघांना कुणी म्हणेल का, की तुमच्या पोटात नव्हतं, तुम्ही बोलू नका?

तर दादा, आवाज आहे. फक्त तो आवाज कशासाठी लावायचा, हे तुमच्या हातात आहे.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर तो लावायच्या आधी एक ऐकायचं राहिलंय. 'पहिल्या वेळी तिला बराच त्रास झाला होता.' तुम्ही हे लिहून पुढच्या वाक्यात 'मला मात्र' म्हणालात. तो त्रास म्हणजे काय, तुम्हाला नीट ठाऊक आहे? रक्त जास्त गेलं होतं? टाके पिकले होते? महिनोन्महिने बसता येत नव्हतं? की बाळंतपणानंतर रात्री-अपरात्री रडू यायचं आणि ती मोरीत नळ सोडून रडायची, म्हणून तुम्हाला ऐकू आलंच नाही? माझ्यासमोर बसलेल्या बायकांत शरीराचा त्रास सांगणाऱ्या पुष्कळ होत्या. तो दुसरा त्रास सांगणाऱ्या क्वचित, त्याही तिसऱ्या-चौथ्या भेटीत. आज मुलगी झोपली की तिला विचारा, "मागच्या वेळी तुला नेमकं काय झालं होतं?" आणि ती बोलायची थांबेपर्यंत मध्ये 'पण' म्हणू नका. तीन वर्षं घरी बसून आठ महिन्यांपूर्वी तिच्या हातात आलेल्या पहिल्या पगाराचं काय झालं, तेही कदाचित त्यात येईल.

मग तुमची पाळी. आणि इथे मी माझं सांगते, कारण यावर मी फार वर्षं गप्प होते.

१९८३ साली आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. गिरण्यांचा संप जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता, यजमान गिरणीत बदली कामगार, घरात वर्षभर पगार नाही. मोठा दीड वर्षाचा. मी शिकवण्या घ्यायची, संध्याकाळी पापड लाटायची. त्यात पुन्हा दिवस गेले. मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे दारात बसून विडी ओढत होते. म्हणाले, "तुला काय वाटेल ते कर." पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच. आज कुणी म्हणेल, किती समजूतदार नवरा, सगळं बायकोवर सोपवलं. मला तेव्हा वाटलं, ह्यांना काही देणंघेणं नाही. मी ठरवलं आणि गेले. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागल्या. दोन-अडीच तासांनी भिंतीला धरत बाहेर आले, तर हे बाकावर बसलेले आणि माझ्या चपला दोन्ही हातांत धरलेल्या. खालीसुद्धा ठेवल्या नव्हत्या. तेव्हाही मला काही कळलं नाही.

कळलं ते बावीस वर्षांनी. मोठ्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री, मांडवातले दिवे मालवायला सांगून हे आत आले आणि म्हणाले, "दुसरं असतं तर आता एकवीस वर्षांचं असतं." मी ऐकतच राहिले. म्हणाले, मला हवं होतं गं, पण पगार नाही, कोणत्या तोंडानं बोलणार, आणि बोललो असतो तर तुला जड गेलं असतं. मी म्हटलं, बोलला असतात तरी मी तेच केलं असतं. पण मला एकटीला करावं लागलं नसतं. त्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा त्या गोष्टीसाठी रडलो, तेही हलक्या आवाजात, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं.

माझा तो निर्णय चुकला असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. चुकलं ते एवढंच, की बावीस वर्षं एका छपराखाली दोघांनी वेगवेगळं सोसलं.

म्हणून मी तुम्हाला गप्प बसायला सांगणार नाही. तिचं ऐकून झाल्यावर तुमच्या मनातलं सांगा. 'मला हे मूल हवं होतं, मला वाईट वाटतंय' असं साध्या शब्दांत सांगा. आईला मध्ये घालू नका, 'लोक काय म्हणतील' आणू नका, घराच्या हप्त्याचा हिशेब मांडू नका. तिला काय वाटेल या भीतीनं निम्मं गिळूही नका. आणि एकदाच सांगा. रोज रात्री तेच काढलंत तर ते सांगणं राहत नाही, ती दमवणूक होते, आणि दमलेली बाई 'हो' म्हणाली तर तो होकार पुढची वीस वर्षं तुमच्या ताटात वाढला जाईल. आमच्याकडे असे होकार देऊन आलेल्या बाया पाचव्या महिन्यात परत यायच्या, बीपी वाढलेलं, तोंडावर हसू नाही. तिनं ऐकून घेतलं आणि तरी 'मला नको' म्हणाली, तर तिथे तुमचं बोलणं संपलं. तुम्ही विचारलंत, मूल दोघांचं तर एकटीनं कसं ठरवायचं. नऊ महिने पोटात वाढवायचं ते काम दोघांत वाटता येत नाही, म्हणून ठरवणंही वाटता येत नाही. मूल जन्माला आलं की मग ते दोघांचं, अर्धं अर्धं, रात्रीच्या जागरणासकट. याहून न्याय्य उत्तर मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. तुम्हाला त्याचं दुःख होईल. होऊ द्या, ते खरं आहे आणि त्याला तुमचा हक्क आहे. एखाद्या जवळच्या मित्राशी बोला, समुपदेशकाकडे जा. फक्त ते तिच्याकडून भरून मागू नका.

आणखी एक. 'बघू', 'पुढच्या आठवड्यात जाऊ', 'माझी शिफ्ट बदलते आहे' असं करत दिवस ढकलू नका. नवऱ्यांचा नकार बऱ्याचदा असाच येतो. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करता येतो, आणि तुमचा सातवा चालू आहे. तिचं पक्कं झालं की दोन दिवसांत नोंदणी असलेल्या केंद्रात जा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, कुणी मित्र 'माझ्याकडे आहेत' म्हणाला तरी. आधी सोनोग्राफी होऊ द्या, गर्भ पिशवीतच आहे ना हे बघावं लागतं. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवाला धोका राहतो. गोळ्या दोन टप्प्यांत असतात. दुसऱ्या टप्प्यानंतर पोटात कळा येतात, रक्त जातं. लागोपाठ दोन तास दर तासाला दोनहून जास्त मोठे पॅड भिजले, किंवा ताप दिवसभर उतरला नाही, तर वाट न बघता दवाखाना गाठा. ते दोन दिवस तुम्ही रजा टाका. मुलीचं जेवणखाण, अंघोळ, झोपवणं तुमच्याकडे. आईला 'हिला बरं नाही' म्हणून सांगलीहून बोलावू नका. आईला पुढे कधी सांगायचं की नाही, ते बायको सांगेल तसं.

आणि सोनोग्राफीनंतर, सगळं ऐकून-बोलून, तिचं मन स्वतःहून बदललं तर तेही तिचंच. तेव्हा 'मी जिंकलो' असं तुमच्या चेहऱ्यावर दिसता कामा नये.

पुढचं मात्र सगळं तुमच्या आवाजाचं आहे, तिथे मॅडमही हरकत घेणार नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांमध्ये नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के निघाल्या. पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के. ऑपरेशन बाईनं करायचं, तांबी तिनं बसवायची, गोळ्या तिनं खायच्या, आणि सगळं फसलं की पुन्हा टेबलावर तिनंच झोपायचं. या वेळी काय फसलं, ते दोघं मिळून डॉक्टरला विचारा. निरोध कंटाळा येतो म्हणून बाजूला ठेवला असेल, तर ते तिच्यासमोर कबूल करा. एका लेकीवर थांबायचं दोघांचं ठरलं तर बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीची चौकशी करायला तुम्ही जा. जागा बधिर करून अर्ध्या तासाच्या आत होते, त्याच दिवशी घरी येता येतं. त्यानंतर साधारण तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं, ते विसरायचं नाही. डब्याच्या वेळी ऑफिसात हे सांगितलंत तर चार पुरुष तरी कान टवकारतील. त्यांना सांगायला बाई चालत नाही, पुरुषच लागतो.

गोळ्यांऐवजी दवाखान्यातच करायचं ठरलं, तर तुम्हालाही बाहेर बसवतील. फोनमध्ये डोकं घालून बसू नका, सिस्टर नावानं हाक मारते. गरम पाण्याचा थर्मास आणि तिची ओढणी जवळ ठेवा, आत एसी असतो. तिच्या चपला बाकाखाली सरळ मांडून ठेवा. ती बाहेर येईल तेव्हा तिला धरायला तुमचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत.